उरलेल्या पिठाच्या पट्ट्या

श्रोतेहो, नमस्कार. आज घरच्या पाईबद्दल बोलूया, आणि पाई लाटून झाल्यावर ओट्यावर उरणाऱ्या पिठाच्या कातरणांबद्दल.

प्रमाण सोपं आहे. २५० ग्रॅम मैद्याला १२५ ग्रॅम बटर, चिमूटभर मीठ, बर्फाचं पाणी चार-पाच चमचे. बटर थंड, पाणी थंड, हात थंड. पुन्हा सांगते, बटर थंड! गोव्याच्या दमट हवेत ते लगेच विरघळतं आणि मग पापुद्रे सुटत नाहीत. म्हणून गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. सारण आवडीचं घाला. माणकुराद आंबा मात्र शिजवू नका. तो कापावा आणि तसाच खावा, यावर मी कुणाशीही वाद घालीन.

आमच्या बाबांची पंचाहत्तरी जूनमध्ये आली. मी अननसाची पाई थापून डब्यात घातली, ओव्हन लावला आणि वीज गेली. तासभर वाट पाहिली. बाहेर धो धो पाऊस. शेवटी पाईवर केळीचं पान झाकलं आणि छत्री घेऊन वाड्यावरच्या पदेराकडे, म्हणजे पाव भाजणाऱ्याकडे, गेले. त्याच्या भट्टीतून संध्याकाळचे पाव नुकतेच निघाले होते. त्याने भट्टीच्या तोंडाशी हात धरला आणि म्हणाला, "राव मातशें, बाय. ऊब देंवूं दी." म्हणजे, जरा थांब, ताप उतरू दे. विस्तव काढला तरी भिंतींत ताप असतो, पाव आधी भाजायचे, गोडाचं नंतर. (सकाळी सायकलवर भोंपू वाजवत पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, आणणारी ही माणसं कमी होत चालली आहेत, श्रोतेहो. दारात पदेर येत असेल तर पिशवीतला कापलेला ब्रेड विकत घेऊ नका.)

तेवढ्यात त्याच्या बायकोने विचारलं, कातरणं कुठं आहेत? मी ती पिशवीत कोंबून आणली होती, मळून पुन्हा गोळा करणार होते. तिने माझा हात धरला. कातरणं एकावर एक रचली, वरून हलकं लाटणं फिरवलं, साखर-जिरं भुरभुरवलं, पट्ट्या कापल्या आणि पाईच्या बाजूला सरकवल्या. पाईला बराच वेळ लागला, पट्ट्या दहा-बारा मिनिटांत खुसखुशीत झाल्या. घरी बाबांनी पाई कापायच्या आधी त्या पट्ट्याच संपवल्या.

तर कातरणं मळायची नाहीत, रचायची. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि बटरचे थर मोडतात. रचायची, मळायची नाहीत. साखरेऐवजी मिरपूड आणि किसलेलं चीज घातलं तर चहाबरोबर छान लागतात. घरच्या ओव्हनला २०० अंश पुरे.

त्याच दिवशी भाजायला वेळ नसेल, तर रचलेला थर प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा. महिनाभर चांगला राहतो. वापरायच्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा. नमस्कार.