रेंजच्या कांड्या फुल, तरी ऐन मंगलाष्टकात लाइव्ह का अडकतं?

नमस्कार मंडळी. तुळशीचं लग्न लागलं की माझ्या कमेंटमध्ये एकच प्रश्न यायला लागतो. "ताई, घरात लग्न आहे, मोबाइलवरून लाइव्ह कसं करायचं?" फलटणहून एका दादांनी चार वेळा विचारलंय. बार्शीच्या एका ताईंनी मागच्या तिन्ही व्हिडिओंखाली विचारलंय, त्यातला एक तर वॉशिंग मशीनचा होता. तर आज बसूया.

सोपं आधी उरकते. यूट्यूबवर मोबाइलमधून लाइव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, फोन नंबर पडताळलेला लागतो, आणि पहिल्यांदा परवानगी मागितली की ती मिळायला २४ तास लागू शकतात. म्हणून हळदीच्या दिवशी चॅनल उघडू नका, आठवडाभर आधी उघडा. २०२५च्या जुलैपासून लाइव्ह करणाऱ्याचं वय किमान १६ लागतं, त्यामुळे आठवीतल्या भाच्याच्या खात्यावर भिस्त ठेवू नका. इन्स्टाग्रामला आता १००० फॉलोअर आणि पब्लिक खातं लागतं. फेसबुकला खातं ६० दिवस जुनं हवं आणि पेजला किंवा प्रोफेशनल प्रोफाइलला १०० फॉलोअर हवेत. शिवाय फेसबुकवरचं लाइव्ह ३० दिवसांनी आपोआप काढलं जातं, तेव्हा ते आधी उतरवून घ्या. घरच्या लग्नाला मी यूट्यूबच सांगते. तिथं "अनलिस्टेड" करता येतं, लिंक फक्त नातेवाइकांना जाते, आणि बारा तासांच्या आतलं लाइव्ह आपोआप जपून राहतं.

फोन स्टँडला लावा. आडवा की उभा ते सुरू करण्याआधी ठरवा, मग फिरवू नका. लेन्स पुसा. झालं. एवढं तुम्हाला कुणीही सांगेल.

आता ज्यासाठी मी हा व्हिडिओ करतेय ते.

माझ्या मामेबहिणीचं लग्न माण तालुक्यात होतं, दहिवडीच्या पुढं एका गावात. आजी डोंबिवलीला. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशनला बारा दिवस झालेले, प्रवासाचं नावच नको. मी म्हटलं, आजी, काळजी करू नकोस, तुला सगळं लग्न टीव्हीवर दाखवते. आदल्या संध्याकाळी मांडवात उभं राहून नेट तपासलं. फोनवर कांड्या फुल. डाउनलोड ४० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट. मी निश्चिंत झोपले.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला, भटजींनी शेवटचं मंगलाष्टक घेतलं, आणि डोंबिवलीत टीव्हीवर गोल चक्र फिरायला लागलं. सात मिनिटं फिरत होतं. चित्र परत आलं तेव्हा पंगत बसत होती. रात्री आजीचा फोन आला. रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "अंतरपाट कुणी धरला होता गं?" मला ते अजून विसरता येत नाही. ज्या एका क्षणासाठी ती सकाळपासून लुगडं नेसून बसली होती, तोच तिला दिसला नाही.

आणि माझ्या फोनवर त्या सात मिनिटांतही कांड्या फुल होत्या.

मंडळी, कांड्यांवर जाऊ नका. कीर्तनाचं उदाहरण घ्या. बुवांसमोर माइक आहे, लाउडस्पीकर आहे. तुम्ही मांडवाच्या अगदी शेवटच्या रांगेत. बुवांचा शब्द न् शब्द तुम्हाला ऐकू येतो. आता तुम्ही तिथून, माइकशिवाय, बुवांना काहीतरी विचारा. ऐकू जाईल? टॉवर म्हणजे बुवा. तो दहा-वीस वॉट, कधी त्याहून जास्त ताकदीनं बोलतो. तुमचा फोन साधारण पाव वॉटच्याही आत बोलतो, कारण बॅटरी छोटी आणि फोन कानाला लागतो. कांड्या फक्त एवढंच सांगतात की बुवा तुम्हाला किती ऐकू येतात. तुमचा आवाज बुवांपर्यंत पोचतोय का, हे कांड्या सांगतच नाहीत. आणि लाइव्हमध्ये बोलायचं तुम्हाला आहे.

म्हणून स्पीड टेस्ट करताना मोठा आकडा बघू नका. तो डाउनलोडचा. शेजारी दुसरा असतो, अपलोड, म्हणजे फोनवरून पाठवण्याचा वेग. तो बघा. मी आदल्या दिवशी ४० बघून झोपले, त्याच्या शेजारी ६ लिहिलं होतं ते माझ्या डोळ्यांना दिसलंच नाही.

इथं कमेंट येते, "ताई, माझ्याकडे ५जी आहे." दादा, असू दे. आपल्याकडचा ५जीचा ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि ४जीचा २३००चा पट्टा, हे दोन्ही वेळ वाटून घेऊन चालतात. अरुंद पुलावर कसं, एका बाजूच्या गाड्या थांबवतात आणि दुसऱ्या बाजूच्या सोडतात. तसंच. टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या गाड्यांना जास्त वेळ मिळतो, फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्यांना कमी. कारण आपण दिवसभर बघतो जास्त, पाठवतो कमी. त्यात काही चूक नाही, पण तुमच्या घरच्या लग्नादिवशी तुम्ही नेमक्या उलट्या बाजूनं निघालेले असता. म्हणून ५जी चालू करून अपलोड बघा, मग फोन ४जीवर टाकून पुन्हा बघा. जिथं अपलोड जास्त, तिथं राहा. खेड्यात ५जी एका कांडीवर लोंबकळत असेल तर पुष्कळदा ४जीच बरं चालतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मी सगळ्यात उशिरा शिकले. आदल्या संध्याकाळी त्या मांडवात आम्ही दहाजण होतो. लग्नाला आठशे माणूस. आणि मंगलाष्टकं सुरू झाली की काय होतं? प्रत्येकाचा हात वर. कुणी पुण्याच्या काकूला व्हिडिओ कॉल लावतंय, कुणी स्टेटस टाकतंय, कुणी नुकताच काढलेला व्हिडिओ ग्रुपवर सोडतंय. सगळ्यांच्या गाड्या एकाच वेळी पुलावर, आणि सगळ्या आपल्याच दिशेच्या. ज्या मिनिटाला तुम्हाला अपलोड सगळ्यात जास्त हवं, त्याच मिनिटाला ते सगळ्यात कमी असतं. यात्रेत कुस्तीचा फड लाइव्ह करणाऱ्या पोरांना विचारा. सकाळच्या जोडांना चित्र काचेसारखं असतं, शेवटच्या मोठ्या कुस्तीला मातीचे ठोकळे दिसतात.

म्हणून रिकाम्या मांडवातली टेस्ट खरी धरू नका. गर्दी जमल्यावर, मुहूर्ताच्या अर्धा तास आधी, एका मिनिटाच्या अंतरानं तीनदा अपलोड बघा. तिन्हींतला सगळ्यात लहान आकडा खरा माना. तो अर्धा करा. तेवढंच तुमचं.

आता हिशेब. ७२०पी, ४८०पी ही चित्राच्या स्पष्टपणाची मापं, आकडा मोठा तसं चित्र लख्ख. ७२०पी चित्राला यूट्यूब ४ एमबीपीएस सुचवतं. म्हणजे टेस्टमध्ये किमान ८ हवेत. नसतील तर ४८०पीवर या, तिथं एक-दीड एमबीपीएसमध्ये काम भागतं, म्हणजे टेस्टमध्ये ३ आले तरी पुरे. यूट्यूबचं स्वतःचं मोबाइल ॲप चित्राचा दर्जा आपल्या मनानं ठरवतं. तो तुमच्या हातात हवा असेल तर लॅरिक्स ब्रॉडकास्टर किंवा प्रिझम लाइव्ह अशी ॲप आहेत, त्यात रिझोल्यूशन (७२०पी की ४८०पी) आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा) आपण लिहायचा. आणि ४८०पी म्हटलं की नाक मुरडू नका. "क्लिअर दिसत नाही" अशी कमेंट भाऊबंद करतील, करू द्या. धूसर पण सलग दिसलेलं लग्न हे लख्ख पण तुटक लग्नापेक्षा आजीला शंभरपट हवं असतं.

डेटाचंही याच आकड्यांतून निघतं. आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी, तेव्हा ४ एमबीपीएस म्हणजे मिनिटाला ३० एमबी, तासाला १.८ जीबी. रोजचं दीड जीबीचं पॅक असेल तर ते पन्नास मिनिटांत संपतं, आणि मग वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात फोटोसुद्धा नीट जात नाही. वऱ्हाड उशिरा आलं, पन्नास मिनिटं रिकामा मांडव दाखवला, आणि मुहूर्ताला पॅक संपलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. "अनलिमिटेड ५जी" वाल्यांनीही लक्ष द्या. फोन ४जीवर उतरला की रोजचा कोटा मोजायला लागतो. वर मी ४जीवर टाका म्हटलंय, तेव्हा आधी जास्तीचा डेटा टाकून ठेवा.

मग उपाय काय? हा भाग नीट बघा, हवं तर दोनदा बघा.

दोन फोन घ्या. (दोन्ही फोन कॅमेऱ्यासमोर धरते.) हा पहिला नेटचा, हा दुसरा चित्राचा. नेटचा फोन मांडवात ठेवायचाच नाही. मांडवाला पत्रा असतो, लोखंडी पाइप असतात, कार्यालय असेल तर स्लॅब. पत्रा आणि स्लॅब फोनचा आधीच बारीक असलेला आवाज खातात. नेटचा फोन गच्चीवर, खिडकीत, जिथून टॉवरकडे मोकळं आहे तिथं ठेवा, सावलीत, पॉवर बँकला लावून. त्याचा हॉटस्पॉट सुरू करा, २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, भिंतीतून तोच बरा येतो. आणि चित्राचा फोन? एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त वायफाय चालू करा आणि हॉटस्पॉटला जोडा.

एअरप्लेन मोड का, तर फोन येऊ नये म्हणून. पुन्हा सांगते, कारण दर व्हिडिओनंतर कुणीतरी विसरतंच. लाइव्ह चालू असताना केटररचा फोन आला की चित्र थांबतं. दोन सिम असतील तर आणखी कठीण. बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर बोलणं सुरू झालं की दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. म्हणून नेटच्या फोनमध्येही एकच सिम चालू ठेवा, दुसरं बंद. आणि त्या सिमचा नंबर लग्नाच्या कामासाठी कुणाला दिलेला नको.

सिम कोणत्या कंपनीचं घ्यायचं हेही विचारतात. तुमच्या गावात कोणतं चालतं ते मला सातारा शहरात बसून कसं सांगता येईल? गावातल्या किराणा दुकानात जा, दोघातिघांच्या फोनवर अपलोड तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

गाण्यांबद्दल थोडक्यात. वरातीत बँड सिनेमाचं गाणं वाजवतो. यूट्यूबची यंत्रणा लाइव्हमध्येही गाणी ओळखते. आधी इशारा येतो, आणि गाणं चालूच राहिलं तर तुमच्या चित्राच्या जागी स्थिर चित्र लागू शकतं. भटजींच्या आवाजातली मंगलाष्टकं, सनई-चौघडा प्रत्यक्ष वाजत असेल तो, यांची चिंता नको. स्पीकरवर रेकॉर्ड लावलेली असेल तर ऑपरेटर दादांशी आधीच बोला, लाइव्हच्या वेळेत नको म्हणावं.

उन्हाचंही बघा. फोन तापला की आधी स्क्रीन अंधारते, मग ॲप बंद पडतं. मे महिन्यातल्या दुपारच्या मुहूर्ताला चित्राचा फोन थेट उन्हात नको, आणि जाड कव्हर काढून ठेवा.

"एवढं सगळं करण्यापेक्षा चांगला फोन घ्या" असं एकानं लिहिलंय. दादा, लाखाचा फोन घेतला तरी तो त्याच पुलावरून जाणार. कॅमेरा चांगला म्हणून गर्दी वाट देत नाही.

मागच्या महिन्यात त्याच मामेबहिणीच्या बाळाचं बारसं झालं, त्याच घरात. नेटचा फोन गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. चित्राचा फोन पाळण्याशेजारी. ४८०पी. अपलोड तीनदा बघितलं, सगळ्यात लहान आकडा ३.८. दीड तास एकदाही अडकलं नाही. लाइव्हला वीस-तीस सेकंदांचा उशीर असतो, म्हणून "कुणी गोविंद घ्या" म्हणून पाळण्याखालून बाळ फिरवून झालं, आणि मग माझ्या फोनवर आजीची कमेंट उमटली, आतेभावानं टाइप केलेली.

"वाळे घातले नाहीत का बाळाच्या पायात? कपाटात डब्यात आहेत, डाव्या बाजूला."

मामी उठली आणि वाळे आणायला आत गेली.