जादूच्या बासरीचं वेड : इंगमार बर्गमन आणि मोझार्ट

स्टॉकहोमच्या पश्चिमेला, म्यालारेन तलावातल्या एका बेटावर द्रोत्निंगहोमचा राजवाडा आहे आणि त्याला लागूनच एक जुनं थिएटर. बाहेरून बघाल तर अगदी साधं, कुणी गोदाम म्हणूनही सोडून देईल. बांधलं १७६६ साली, स्वीडनची राणी लोव्हिसा उल्रिका हिच्यासाठी. तिचा मुलगा, राजा गुस्ताव तिसरा, नाटकाचा प्रचंड शौकीन होता, पण १७९२ मध्ये स्टॉकहोमच्या ऑपेरा हाऊसमध्येच त्याच्यावर गोळी झाडली गेली, त्यात तो गेला, आणि त्यानंतर हे थिएटर हळूहळू विसरलंच गेलं. १९२१ मध्ये आग्ने बेयर नावाचा एक अभ्यासक जुनं चित्र शोधत इथे आला तर आत सगळं जसंच्या तसं! रंगवलेले पडदे, समुद्राच्या लाटा फिरवायची लाकडी यंत्रं, ढगांचा गडगडाट करायची पेटी. सगळं हाताने चालणारं, आणि आजही चालतं.

पुढे एकदा या थिएटरच्या उघड्या राहिलेल्या मागच्या दारातून एक शाळकरी पोरगा आत घुसला. इंगमार बर्गमन, पुढे जगभर गाजलेला स्वीडिश सिनेमा-दिग्दर्शक. त्याने नंतर स्वतः लिहून ठेवलंय की त्या दिवसापासून त्याच्या डोक्यातली ‘मॅजिक फ्लूट’, म्हणजे संगीतकार मोझार्टचा ‘जादूची बासरी’ हा ऑपेरा, कायम याच स्टेजवर राहायची.

बर्गमन म्हटलं की त्याच्या सिनेमांतलं काय आठवतं, मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा योद्धा, देवाचं मौन, एकमेकांना टोचून टोचून बोलणारे नवरा-बायको. वडील लुथरन पाद्री, घरात शिस्त कडक. आणि याच घरातल्या मुलांच्या खोलीत बाहुल्यांचं एक थिएटर होतं. एका नाताळला सिनेमॅटोग्राफ, म्हणजे सिनेमा दाखवायचं छोटं यंत्र, त्याला हवा होता, मिळाला मोठ्या भावाला, तर याने आपले शिशाचे सगळे सैनिक देऊन तो बदलून घेतला. मग बारा वर्षांचा असताना रॉयल ऑपेरात त्याने मोझार्टची ‘मॅजिक फ्लूट’ पाहिली. प्रयोग लांबलचक आणि रेंगाळलेला होता म्हणे, दर थोड्या वेळाने पडदा पडायचा. तरी पोराला वेड लागलं ते लागलंच. घरी येऊन बाहुल्यांच्या थिएटरात अख्खा ऑपेरा करायचं ठरवलं, पण त्यासाठी रेकॉर्ड्स लागणार आणि त्या खाऊच्या पैशात येण्यासारख्या नव्हत्या, त्यामुळे ते राहूनच गेलं.

मला या माणसाच्या आयुष्यातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. ते राहिलेलं नाटक त्याने पुढची चाळीसेक वर्षं मनातून काढलंच नाही.

थोडं या ऑपेराबद्दल. ३० सप्टेंबर १७९१ ला व्हिएन्नाच्या उपनगरातल्या एका थिएटरात पहिला प्रयोग झाला. दरबारात नाही, सामान्य लोकांच्या थिएटरात. शब्द लिहिणारा शिकानेडर त्या थिएटरचा मालकासारखाच, आणि पापागेनो हा पक्षी पकडणारा माणूस त्याने स्वतःच रंगवला. भाषा जर्मन, गाणी संपली की साधं बोलणं, म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखाच मामला. राजपुत्र तामिनो, रात्रीची राणी, तिची मुलगी पामिना, त्या मुलीला आईपासून दूर नेऊन ठेवणारा पुरोहित सारास्त्रो, अजगर, जादूची बासरी, घंट्या. त्याच वर्षी पाच डिसेंबरला मोझार्ट गेला, वय फक्त ३५.

बर्गमन ज्या जागी सारखा परत परत यायचा ती जागा पहिल्या अंकात आहे. सारास्त्रोच्या मंदिराबाहेर अंधारात तामिनो एकटाच उभा, आणि विचारतो की ही रात्र कधी संपणार? आतून दबक्या आवाजात उत्तर येतं, लवकरच, नाहीतर कधीच नाही. मग तो विचारतो, पामिना जिवंत आहे का? आणि उत्तर येतं, हो, पामिना अजून जिवंत आहे. बस, एवढंच. १९६८ च्या ‘अवर ऑफ द वुल्फ’मध्ये, म्हणजे त्याच्या अतिशय भयानक सिनेमात, हाच प्रसंग एका बाहुल्यांच्या थिएटरात दाखवलाय, आणि नीट बघितलं तर आतला छोटासा तामिनो लाकडाचा नाहीच, जिवंत माणूस आहे!

आणि शेवटी १९७५. स्वीडिश रेडिओची पन्नाशी होती आणि टीव्हीसाठी ‘मॅजिक फ्लूट’ करायची संधी आली. बर्गमनला द्रोत्निंगहोमलाच शूट करायचं होतं, पण एवढं जुनं लाकूड, त्यात कॅमेरा, लाइट्स, अख्खं युनिट घुसवणं शक्यच नव्हतं, मग स्टुडिओत तेच स्टेज बारीकसारीक तपशिलांसकट उभं केलं. कॅमेरा स्वेन न्यूक्विस्टचा, संगीत संचालन एरिक एरिक्सनचं, पापागेनो झाला तरुण हॉकन हागेगोर्ड, आणि सगळं स्वीडिशमध्ये गायलं. मोठमोठे घुमणारे आवाज नकोत, माणूस वाटतील असे तरुण गायक हवेत, हा त्याचा हट्ट. क्लोजअपमध्ये त्यांचे चेहरे बघा म्हणजे कळतं हट्ट का होता ते.

ओव्हर्चरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या नुसत्या वाद्यसंगीतात, कॅमेरा फक्त प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर फिरत राहतो आणि एका लहान मुलीवर सारखा परत येतो. अजगर म्हणजे आत माणूस असलेला ड्रेस, हे लपवलेलंच नाही. उपदेशाच्या ओळी पाट्यांवर लिहून धरतात. इंटरव्हलला तामिनो-पामिना बुद्धिबळ खेळत बसलेत, आणि रात्रीची राणी सिगारेट ओढतेय. यंत्र दिसतंय तरी जादू कमी होत नाही, उलट मला तर ती वाढलेली वाटते.

एक मोठा बदल मात्र त्याने केला. सारास्त्रो हा पामिनाचा बाप केला. मूळ ऑपेरात राणी आधी चांगली वाटते आणि नंतर दुष्ट निघते, ते का याचं नीट उत्तरच मिळत नाही. बर्गमनच्या आवृत्तीत ते एका मुलीच्या ताब्यावरून भांडणारे आई-बाप झाले, आणि राणीचा तो भयंकर उंच स्वर एकदम कळायला लागतो, आईचा संताप म्हणून. काही जाणकारांना हा बदल खटकतो. मला तो पूर्ण पटतो, कारण आई-बापांच्या मध्ये अडकलेल्या पामिनाकडे इतक्या मायेने बघणारी दुसरी ‘मॅजिक फ्लूट’ मी पाहिलेली नाही.