धुईतलं भेकर

(दृश्य: कन्नड घाट. ढग रस्त्यावर टेकलेले. ट्रकचे पिवळे दिवे.)

कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या या घाटाला ज्याचं नाव आहे, तो जेम्स औट्रम स्वतः पट्टीचा शिकारी. 1825 च्या सुमारास खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा हा इंग्रज अधिकारी वाघांमागे डोंगर तुडवायचा. पुढे 1986 साली इथं अभयारण्य झालं, त्याचं नाव ठेवलं गौताळा औट्रमघाट. म्हणजे जिथं ससा मारला तरी तुरुंग, त्या जंगलाच्या पाटीवर शिकाऱ्याचं नाव. असो.

अभयारण्यात शिकार केली तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली 3 ते 7 वर्षांची कैद आहे. माझ्या खांद्यावर कॅमेरा आहे, सोबत वनखात्याची परवानगी. बाकी रीत मात्र शिकाऱ्याचीच. एकट्यानं चालायचं, माग काढायचा, वारा सांभाळायचा. खरं तर कॅमेरेवाल्याचं काम जास्त अवघड. रायफलवाला दीडशे पावलांवरून गोळी झाडून मोकळा होतो. आज या धुईत मला तीस पावलांच्या आत पोचायला हवं.

(दृश्य: सागाचं रान, मुसळधार पाऊस.)

मराठवाडा म्हटलं की लोकांना टँकर आठवतो. सातमाळ्याच्या डोंगररांगेतली पावसाची ही धार बघितलेली नसते. 2021 च्या ऑगस्टअखेरीस इथं एका रात्रीत एवढा कोसळला, की घाटात दरडी आल्या, गाड्या अडकल्या आणि खाली चाळीसगावात पुराचं पाणी शिरलं. आजचा पाऊस तसा नाही, पण वारा वाईट आहे. वाटेत भेटलेला गुराखी घोंगडीतूनच म्हणाला, "वर नका जाऊ दादा. धुई उतरली की इथला माणूससुदा वाट चुकतो."

मी निघालोय भेकराच्या मागावर. वीस-पंचवीस किलोचं, तांबूस, लाजाळू जनावर. कळप करत नाही. धोका दिसला की कुत्र्यासारखं भुंकतं. नराला आखूड शिंगं असतात आणि वरच्या ओठाखालून डोकावणारे सुळे. मादीला शिंगं नाहीत, त्या जागी केसांचे झुबके.

(दृश्य: नाल्याकाठचा चिखल, अगदी जवळून.)

हा खूर बघा. दोन बारीक पाकळ्या, माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या. कडा अजून धारदार आहेत, तळाशी पाणी साचलेलं नाही. या पावसात असा ठसा पाच-दहा मिनिटंही टिकत नाही. कोरड्या दिवसांत ठसा कालचा की परवाचा यावर तासभर डोकं खाजवावं लागतं. पाऊस मात्र जुनं सगळं पुसून टाकतो. उरतं ते ताजंच.

आता वारा. एरवी चिमूटभर माती सोडली की कळतं. भर पावसात माती कसली सोडता? ओला गाल फिरवत राहायचं, गार पडेल तिकडून वारा. पठारावर तो सरळ पश्चिमेचा असतो, नाल्यात उतरलं की कड्याला आपटून उलटा फिरतो. माझा वास पुढे गेला तर सगळं मुसळ केरात. म्हणून नाला सोडून वरच्या अंगानं वळसा. करवंदीची जाळी, निसरडे दगड, गुडघे सोलून निघाले.

सागाच्या पानांवर पावसाचा ताशा चालू आहे. माझी पावलं भेकराला ऐकू येत नाहीत, हे बरं. पण बिबट्याचीही येत नाहीत, हे त्यालाही ठाऊक आहे. कान निकामी झाले की भेकर दाट झाडीत थांबत नाही, जिथं डोळ्यांना चार पावलं लांबचं दिसेल अशा उघड्यावर येतं. जाणकार शिकारी अशा हवेत घरी बसत नसत, ते यामुळेच.

(दृश्य: गवताळ उतार. धुई. भेकर.)

ते बघा, पळसाच्या डावीकडे. मान वर. शिंगं नाहीत. मला पाहिलंय, पण ओळखलेलं नाही. मी हललो नाही तर तिच्या लेखी मी खोडच. तिनं एक पाय आपटला. आता...

(आवाज: भुंकणं. पुन्हा भुंकणं.)

तिनं पळायला हवं होतं. ती चार उड्या मारून थांबली आणि तिथूनच भुंकत राहिली. चित्रण थरथरतं आहे, काचेवर पाणी आहे, पण याहून चांगलं आज मिळणार नव्हतं. मी आल्या वाटेनं मागे सरकलो.

(दृश्य: वनखात्याची चौकी.)

चौकीवर वनरक्षकानं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते दोनदा पाहिलं. "मादी हाय. लांब गेली नाही अन् भुंकत बसली, म्हणजे पाडस जवळच गवतात दडवलेलं असंल." नोंदवहीत त्यानं नाल्याची जागा लिहिली. मग छत्री उचलली आणि गुराख्याला गाठायला निघाला, कारण त्याची दोन्ही कुत्री रोज त्याच उतारावर फिरतात.