हे कमळ नव्हे, निवडुंग

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळा लागला की कुणाकडून तरी रात्री नऊ-साडेनऊला फोन येतो, "लवकर या, ब्रह्मकमळ उमलतंय!" आपण जातो. कुंडीपुढे निरांजन लावलेलं असतं, हळदकुंकू वाहिलेलं असतं आणि शेजारपाजारचे दहाजण मोबाइल सरसावून उभे असतात. अशा वेळी मी तोंड उघडत नाही. इथे सांगायला हरकत नाही, की हे कमळ नव्हे, हा निवडुंग आहे.

खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं. साधारण ३७०० मीटरच्या वर उगवणारं, उत्तराखंडचं राज्यपुष्प. कूळ म्हणाल तर सूर्यफुलाचं. आपल्या कुंडीतलं ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. त्याचं माहेर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथल्या दमट जंगलात ते झाडांच्या बेचक्यांत, साचलेल्या पालापाचोळ्यात मुळं रोवून वाढतं. नावावरून मी भांडत नाही, घरी मीही ब्रह्मकमळच म्हणतो. पण माहेर लक्षात ठेवलं की कुंडीचं काय करायचं ते निम्मं कळतं.

आपण म्हणतो, याच्या पानाला फूल येतं. ते पान नसतंच. फड्या निवडुंगाचा फडा जसा खोडाचा, तसंच हे चपटं झालेलं खोड. त्याच्या काठावरच्या खाचा जरा जवळून पाहा. प्रत्येक खाचेत बारीकसा ठिपका असतो. कळी तिथूनच येते. म्हणून जुनं, राठ झालेलं 'पान' कुरूप दिसतं म्हणून छाटू नका, फूल बहुधा त्यालाच लागायचं असतं.

ओळखण्यात मी स्वतः फसलोय. एका रोपवाटिकेतून हौसेनं ब्रह्मकमळ आणलं. चार महिन्यांत त्याला तिधारी, काटेरी कांड्या फुटल्या. निघालं ड्रॅगनफ्रूट! फूल तेही रात्रीच उमलतं, तेही पांढरं नि भलंमोठं, त्यामुळे नुसता फोटो पाहून गल्लत होते. खोड हातात धरून बघा. तीन धारा आणि काटे असले तर ड्रॅगनफ्रूट. चपटं आणि बिनकाट्याचं असलं तर आपलं. मधूनच छडीसारखा गोल, लांबलचक कोंब फुटला तर मात्र घाबरू नका, तोही याचाच, चपट्या फांद्या पुढे त्यालाच फुटतात. आणि लाल फूल, तेही दिवसा उमललं, तर ते याचं भावंड किंवा संकर समजा.

लावायला वीतभर जून तुकडा घ्या. आठवडाभर सावलीत टाकून कापलेली बाजू सुकू द्या. माझे पहिले तीन तुकडे कुजले, कारण तोडले तसे ओल्या मातीत खोचले आणि वर रोज पाणी घातलं. मातीत कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत आणि विटांचे बारीक तुकडे मिसळा. खालचा टोकाचा भाग दोन बोटं खोल जाईल इतकंच पुरा. सकाळचं कोवळं ऊन चालतं. दुपारच्या उन्हात फांद्या पिवळ्या पडतात. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको. शेणखताचा मारा केलात तर नुसत्या फांद्या माजतात. आणि दरवर्षी कुंडी बदलायचा सोस नको, मुळं जरा दाटीत असली की हे झाड खुशीत असतं.

कळी दिसली की कुंडी हलवू नका, कळ्या गळतात. गोगलगायींवरही लक्ष ठेवा. कळी आधी खाली लोंबते, मग तिचा देठ हत्तीच्या सोंडेसारखा वर वळतो. ज्या संध्याकाळी ती टम्म फुगून टोकाशी सैल दिसेल, त्याच रात्री उमलणार. शेजाऱ्यांना तेव्हाच बोलवा. "सकाळी या" म्हणालात, तर दाखवायला देठाला लोंबणारी ओली चिंधी तेवढी उरेल.