घंटेच्या पोटातले सूर : योसिप स्लाव्हेन्स्की

[दृश्य : चर्चच्या मनोऱ्यातली घंटा. टोला पडतो. पुढची काही सेकंद निवेदन नाही.]

घंटेवर टोला पडला की आपल्याला वाटतं, आवाज एकच आहे. तो एक नसतो. नीट सुरात ओतलेल्या युरोपीय घंटेत निदान पाच सूर एकदम बोलत असतात. मुख्य सूर, त्याच्याखाली एक सप्तक घुमणारा खर्ज, वर कोमल गंधार, मग पंचम आणि त्याच्याही वर तार षड्ज. टोल्याचा ठणका लगेच विरतो, गंधार थोडा रेंगाळतो आणि खर्ज सगळ्यांत शेवटी सोडतो.

मनोऱ्यातल्या घंटांचं हे ऐकत एक मुलगा चाकोवेत्स नावाच्या गावात वाढला. योसिप श्टोल्ट्सर, जन्म 1896, पुढचा संगीतकार योसिप स्लाव्हेन्स्की. मुरा आणि द्रावा या दोन नद्यांमधला हा मेजिमुर्येचा दुआब. आज तो क्रोएशियाच्या उत्तर टोकाला आहे, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. वडील बेकर. आई लोकगीतं गायची. मुलगाही आधी बेकरीचंच काम शिकला.

[दृश्य : बुडापेस्टची जुनी छायाचित्रं]

पुढे तो बुडापेस्टला गेला. तिथे काउंटरपॉइंट, म्हणजे अनेक स्वतंत्र चाली एकाच वेळी गुंफण्याची कला, शिकवायला होते संगीतकार झोल्टान कोडाय, हंगेरीची लोकगीतं गावोगाव हिंडून गोळा करणारे. मध्येच पहिलं महायुद्ध आलं आणि अंगावर सैन्याचा गणवेश चढला. युद्ध संपल्यावर पुन्हा घरची भट्टी. त्यानंतर प्रागमध्ये चेक संगीतकार व्हितेझस्लाव नोवाक यांच्याकडे शिक्षण, थोडे दिवस झाग्रेब आणि 1924पासून बेलग्रेड. या काळात त्यांनी श्टोल्ट्सर या आडनावाला ‘स्लाव्हेन्स्की’ जोडलं. नंतर तेवढंच उरलं.

बाहेरच्या जगाचं लक्ष लवकर गेलं. 1924मध्येच जर्मनीत डोनाउएशिंगेनच्या महोत्सवात त्यांचं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, वाजलं, माइन्झचे शॉट हे प्रकाशक मिळाले. 1929मध्ये बर्लिनला वाद्यवृंदसंचालक एरिक क्लायबर यांनी त्यांची ‘बाल्कानोफोनिया’ ही वाद्यवृंदाची रचना वाजवली. सात छोटे तुकडे : सर्बियन, अल्बेनियन, तुर्की, ग्रीक, रुमानियन, बल्गेरियन, आणि त्यांच्यातच एकाचं नाव ‘माझं गाणं’. सगळ्या शेजाऱ्यांना ओळीत बसवून हा माणूस स्वतःही त्या पंगतीत बसला. लोकधून घ्यायची आणि तिला वाद्यवृंदाचा झब्बा चढवायचा, हा उद्योग तेव्हा अर्धा युरोप करत होता. स्लाव्हेन्स्कींचं वाद्यलेखन मात्र खडबडीत आहे, धुनेचे कोपरे ते घासून गुळगुळीत करत नाहीत.

[ध्वनी : समूहगान हळूहळू वर येतं]

आता मुख्य रचना. 1934, बेलग्रेड. एकल गायक, मोठा गायकवृंद, पूर्ण वाद्यवृंद. नाव ‘रेलिगिओफोनिया’. भाग पुन्हा सात. पहिला आदिम निसर्गपूजकांचा, दुसरा ज्यूंचा, तिसरा बौद्धांचा, चौथा ख्रिस्ती, पाचवा मुस्लिमांचा. इथपर्यंत आराखडा सरळ वाटतो. सहाव्या भागाचं नाव आहे ‘संगीत’ आणि सातव्याचं ‘श्रमाचं गीत’. म्हणजे धर्मांच्या रांगेत त्यांनी संगीताला बसवलं आणि त्याच्याही पुढे कष्टाला. हा आगाऊपणा मला फार आवडतो. आणि साल विसरू नका. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन वर्ष उलटलं होतं. अशा वेळी एक सबंध भाग ज्यूंच्या नावानं, बाकीच्यांच्या बरोबरीनं.

महाराष्ट्रातल्या श्रोत्याचा कान साहजिकच तिसऱ्या भागाकडे लागेल. आपल्याकडच्या वंदनेची चाल मात्र तिथे शोधू नका. हा युरोपात बसून मनाशी रचलेला पूर्व आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचा देश, युगोस्लाव्हिया, समाजवादी झाला. धर्माचं नाव मिरवणारं शीर्षक गैरसोयीचं झालं आणि हीच रचना ‘पूर्वेची सिम्फनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

[दृश्य : पेटीच्या पट्ट्या, अगदी जवळून]

घंटेतले सूर पियानोच्या बारा पट्ट्यांत बसत नाहीत, ही बोच त्यांच्या मनातून गेली नाही. आपल्याला हे दुखणं ओळखीचं आहे. तानपुरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो. त्याच्याशेजारी पेटीचा गंधार वाजवला की तो चढा लागतो, साधारण 14 सेंट. एका सप्तकाचे 1200 सेंट धरले तर फरक क्षुल्लक, कानाला मात्र टोचतो.

यावरचा एक जुना गणिती तोडगा म्हणजे सप्तकाचे 53 समान भाग. शुद्ध पंचमावर पंचम रचत 53 पायऱ्या चढलं, की 31 सप्तकांवर जवळजवळ बिनचूक येऊन पोहोचतो. या हिशेबानं इंग्लंडमध्ये बोझांके यांनी 1870च्या दशकात एक हार्मोनियम उभा केला, पट्ट्यांच्या कितीतरी रांगा असलेला. 1937मध्ये स्लाव्हेन्स्कींनी नैसर्गिक स्वरपद्धतीवरच्या आपल्या रचनेचा पहिला भाग त्याच वाद्यासाठी लिहिला. गंमत अशी, की या बोझांके यांनी 1877मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे भारतीय सप्तकाच्या 22 श्रुतींवर निबंध मांडला होता. पुढे सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीही 22 श्रुतींचं गणित मांडलं, क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुती-हार्मोनियम घडवला. 1916च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावरून चांगलीच खडाजंगी झाली. बेलग्रेड आणि सांगली यांची गाठ पडली नाही, पण दोघांची तक्रार एकाच पट्टीबद्दल होती.

रचनेचा दुसरा भाग चार ट्राउटोनियम आणि टिंपनी (वाद्यवृंदातले मोठे नगारे) यांच्यासाठी आहे. ट्राउटोनियम हे 1930च्या सुमाराचं जर्मन विजेचं वाद्य. धातूच्या पट्टीवर ताणलेली एक तार. ती बोटानं दाबली की विद्युतमंडल पूर्ण होतं आणि आवाज येतो. पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. बोट सरकवलं की मींड. सिंथेसायझर घराघरांत यायला अजून काही दशकं होती.

याच ओढीपायी ते ग्रहताऱ्यांच्या गणितातही शिरले. सुरांचं नातं आकाशातल्या गतींशी जोडायला निघाले. त्या वाटेनं त्यांच्यामागे जायची माझी तयारी नाही, पण त्यांचं संगीत ऐकायला ती पटावीच लागते असंही नाही.

[दृश्य : बेलग्रेड, निकोला पाशिच चौक]

1955मध्ये बेलग्रेडला त्यांचं निधन झालं. या चौकातल्या त्यांच्या घरात आज त्यांचा संग्रह जपलेला आहे. मग नाव मागे का पडलं? जन्म क्रोएशियाचा, कर्मभूमी सर्बियाची, आणि ज्या देशाचे म्हणून ते ओळखले जात तो युगोस्लाव्हिया 1990च्या दशकात फुटला. राष्ट्रीय संगीतकार म्हणून ज्याचं घोडं पुढे दामटावं, असा तो दोन्हीकडे पुरता ‘आपला’ उरला नाही.

ऐकायचंच असेल तर थेट सिम्फनीला हात घालू नका. आधी ‘व्होदा झ्वीरा’ हे मेजिमुर्येचं छोटं समूहगान घ्या, दगडातून फुटणाऱ्या झऱ्याचं. मग ‘बाल्कानोफोनिया’. त्यानंतर सिम्फनीचे पहिले पाच भाग सलग, मध्ये न थांबता. सातवा भाग मला त्या पाचांइतका पटत नाही, त्यात सभेतल्या घोषणेचा सूर जरा जास्त आहे. तुम्हाला काय वाटतं, ऐकून सांगा.