संध्याकाळी दोन दिसतात, ओपीडी सकाळी असते

नमस्कार मंडळी. फळ्यावर विषय लिहिलाय तो असा, थकवा आणि दोन-दोन दिसणं, त्याची वैद्यकीय कारणं. कारणं सांगणारच आहे, पण त्याआधी माझ्या मावशीचं सांगतो, कारण डोळ्यांचा डॉक्टर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर मला या विषयात जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मी पुस्तकात नाही, तिच्या चुलीपुढे बसून बघितलं.

आमची मावशी अमळनेर तालुक्यातलीच. खापरावरची पुरणपोळी करावी तर तिनेच, असं गावात म्हणायचे. आता इथे बसलेल्या बायकांना मी काय सांगणार की ती पोळी लाटत नाहीत, हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठी करतात आणि मग पालथ्या खापरावर टाकतात, खांद्यांचं काम आहे ते. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी जमलेल्या, आमरस तयार, आणि मावशीच्या पहिल्या चार पोळ्या नेहमीसारख्या झाल्या, सहावीला हात खाली यायला लागले, आठवी चुलीतच पडली. ती भिंतीला टेकून अर्धा तास बसली, उठली, पुन्हा तीन पोळ्या एकदम झकास! सासू म्हणाली नाटकं करते. खरं म्हणजे हा अर्धा तासच सगळं निदान होता, पण तेव्हा ते कुणाला कळावं, मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो, मलाही कळलं नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे कळण्याची भाकर अर्धी खाल्ली की जबडा थकायचा, बाकीची अर्धी ती दुधात कुस्करायची. भजनाला पहिला अभंग खणखणीत, तिसऱ्याला आवाज नाकातून. आणि रोज दिवेलागणीला तिला दोन खापरं दिसायची, दोन चुली, दोन सासवा (हसा, तीही हे सांगताना हसायची). ती म्हणायची, "सकायमा एक दिसस, सांजले दोन दिसतस." एवढं स्वच्छ वाक्य पेशंटने सांगितल्यावर डॉक्टरला अजून काय पाहिजे?

पण तिला दवाखान्यात कधी न्यायचे, तर सकाळी. पहिल्या एस.टी.ने, रात्रभर झोप झालेली, डोळे उघडे, हात सरळ, तपासायला गेलं की सगळं ठीक. मग ऊन लागलंय, रक्त कमी आहे, कमजोरी आहे, बाटली लावा. आपल्या खानदेशात ऊन आहेच हो, भुसावळला पंचेचाळीसच्या वर पारा जातो, उन्हाने हा आजार वाढतोही, पण म्हणून सगळंच उन्हाच्या नावावर खपवायचं का? बाटल्या किती लागल्या त्याला हिशोब नाही. आठ महिने गेले यात. शेवटी लघवीच्या इन्फेक्शनने ताप आला, कुणीतरी जेंटामायसिनची इंजेक्शनं दिली, ताप आणि ते औषध दोघांनी मिळून असा घात केला की रात्री तिला पाणी गिळेना, श्वास पुरेना, आणि मोठ्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरने ती बरी होत असताना संध्याकाळी फक्त एवढंच केलं, म्हणाला मावशी, वर पंख्याकडे बघत राहा, डोळे मिटू नका. एका मिनिटात पापण्या हळूहळू पडद्यासारख्या खाली आल्या. मग एका पापणीवर बर्फ दोन मिनिटं धरला, ती वर गेली!

या आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. अमिताभ बच्चन यांनाही १९८०च्या दशकात झाला होता, म्हणून नाव काहींनी ऐकलं असेल. नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे नस असेटिलकोलीन नावाचं रसायन सोडते आणि स्नायूवरचे रिसेप्टर ते पकडतात, तेव्हा स्नायू हलतो. इथे आपलंच शरीर त्या रिसेप्टरविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, रिसेप्टर कमी पडतात, पहिले काही निरोप पोचतात, मग पोचत नाहीत, विश्रांती घेतली की पुन्हा पोचतात. मेरी वॉकर नावाच्या डॉक्टरणीने १९३४ साली ग्रीनिचच्या हॉस्पिटलात ओळखलं की हे स्नायू लुळे करणाऱ्या क्युरारे नावाच्या विषासारखं दिसतंय, मग त्या विषाचा उतारा फायसोस्टिग्मिन देऊन बघू, आणि पेशंटची पापणी उघडली. आजची पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच घराण्यातली. मावशीच्या छातीतली थायमस ग्रंथीही काढली, कारण अशा शंभर पेशंटांपैकी १० ते १५ जणांना तिथे गाठ असते, म्हणून छातीचा स्कॅन चुकवायचा नाही. आणि रक्ताची अँटिबॉडी तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका, आजार नुसत्या डोळ्यांपुरता असेल तर जवळपास निम्म्या लोकांत ती निगेटिव्हच येते.

म्हणून माझं मागणं एवढंच की असा पेशंट संध्याकाळी तपासा, नाही जमलं तर घरच्यांनी संध्याकाळी मोबाइलवर चेहऱ्याचा व्हिडिओ काढा आणि सकाळी डॉक्टरला दाखवा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणे. बरं, कारणं भराभर घेतो.

आधी एक डोळा झाका. दोघांपैकी कुठलाही झाकल्यावर एकच दिसलं तर डोळ्यांची जोडी जुळत नाहीये, म्हणजे स्नायू, नस किंवा मेंदू. एक झाकूनही दोनच दिसत असतील तर दोष बहुधा त्या डोळ्यातच, मोतीबिंदू, नंबर, कोरडेपणा, घाबरू नका. मग वेळ विचारा. संध्याकाळी वाढतं ते सगळंच मायस्थेनिया नसतं, लपलेला तिरळेपणा दिवसभर मोबाइल आणि हिशोबाच्या वह्या बघून थकल्यावर बाहेर येतो, तो व्यायामाने किंवा चष्म्याने आवरतो. सकाळी उठल्या उठल्या जास्त आणि डोळे पुढे आल्यासारखे असतील तर थायरॉइड बघा. शुगरवाल्यांची डोळ्याची एखादी नस बसते, ती बहुतेक वेळा तीनेक महिन्यांत सुधारते, पण ते आपलं आपण ठरवायचं नाही. दारू पिणारा, जेवण नाही, दोन दिसतात, चाल डुगडुगते, बोलणं असंबद्ध, तिथे बी-१ कमी असतं आणि नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर बिघडू शकतं, आधी थायमिन, म्हणजे तेच बी-१. साठीच्या पुढे कानशिलं दुखतात, चावताना जबडा दुखतो, वजन उतरतंय, दोन दिसतात, तर त्याच दिवशी दाखवा, हा आजार आपल्याकडे क्वचित आढळतो पण नजर जाऊ शकते.

रात्र न काढता पळायचं ते कधी, तर अचानक दोन दिसायला लागले आणि सोबत तोंड वाकडं, जीभ जड, एक बाजू लुळी. किंवा भयंकर डोकेदुखी, एक पापणी पडलेली आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी, ती मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी असू शकते.

कपाशीवाल्या भावांनो, फवारणीनंतर धूसर दिसतंय, लाळ, घाम, बाहुल्या टाचणीएवढ्या, तर दवाखाना गाठा, आणि बरं वाटल्यावरही एक ते चार दिवसांत मान धरवेना किंवा दम लागला तर परत गाठा. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी पोट दुखतं, पापण्या उघडत नाहीत, दोन दिसतात म्हणाला तर चावल्याची खूण शोधत बसू नका, मण्यार समजा आणि थेट सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात न्या.

ज्यांना मायस्थेनिया आहे त्यांनी कागदावर लिहून खिशात ठेवा, जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, शिरेतून मॅग्नेशियम, ही डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोत.

वेळ संपली, हॉल द्यायचाय. पण आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत. कुणाला असा त्रास असेल तर निघू नका, मी खाली त्या बाकावर टॉर्च घेऊन बसतोय, बर्फ समोरच्या रसवंतीतून आणायला सांगितलाय.