फर्सफील्डचे रेक्टर

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्फक काउंटीत साडेसहाशेहून अधिक मध्ययुगीन चर्च आजही उभी आहेत. त्यांपैकी अनेकांच्या दाराशी शतकानुशतकांच्या धर्मगुरूंची नामावली लावलेली दिसते. अशा नावांचा शोध ज्यांनी आयुष्यभर घेतला, ते फ्रान्सिस ब्लूमफील्ड मात्र काउंटीबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाहीत.

डिस गावाजवळच्या फर्सफील्ड या खेड्यात १७०५ साली त्यांचा जन्म झाला. केंब्रिजचे शिक्षण संपवून १७२९ मध्ये ते याच खेड्याचे रेक्टर, म्हणजे गावच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, झाले आणि संपूर्ण नॉर्फकचा इतिहास लिहिण्याचा संकल्प त्यांनी सोडला. त्यासाठी त्यांनी प्रश्नावली छापून गावोगावी धाडली. चर्चमध्ये जाऊन थडग्यांवरील लेख आणि रंगीत काचांतील कुलचिन्हे टिपली. आणि कोणत्या रेक्टरची नेमणूक कोणत्या साली, कोणाच्या शिफारशीने झाली, हे नॉरिचच्या बिशपांच्या दप्तरातून शोधून काढले. त्यांनी पाहिलेल्या कित्येक काचा आणि थडग्यांवरील पितळी पट्ट्या पुढे नाहीशा झाल्या. आज त्यांच्याविषयी जे कळते, ते बहुतांशी या टिपणांमुळेच.

१७३५ च्या मे महिन्यात ऑक्सनेड येथील पॅस्टन घराण्याच्या वाड्यात जुने दस्तऐवज तपासताना सुट्या कागदांत त्यांना असंख्य पत्रे आढळली. कामाचे कागद वेगळे काढताना ही पत्रे त्यांनी टाकून दिली नाहीत. इतिहासाच्या दृष्टीने ती मोलाची आहेत असे कळवून त्यांनी खोलीच्या एका कोपऱ्यात त्यांचा ढीग रचून ठेवला, आणि तो ढीग कित्येक पोती भरतील एवढा होता. पंधराव्या शतकातील इंग्रज कुटुंबाचे जगणे सांगणारा हा पत्रव्यवहार आज जगभरचे अभ्यासक वाचतात, तेव्हा त्या कोपऱ्याची आठवण ठेवणे मला अगत्याचे वाटते.

ग्रंथ छापण्यासाठी त्यांनी घरातच छापखाना थाटला आणि १७३६ पासून एकेक भाग वर्गणीदारांच्या हाती पडू लागला. खर्च वाढला, कर्ज झाले, तरी काम थांबले नाही. तिसरा खंड अपुरा असतानाच, जानेवारी १७५२ मध्ये, देवीच्या आजाराने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. उरलेले लेखन ऑक्सबरोचे रेक्टर चार्ल्स पार्किन यांनी पुढे नेले.

फर्सफील्डच्या चर्चमध्ये सर रॉबर्ट दु ब्वा या सरदाराचा चौदाव्या शतकातील लाकडी पुतळा आहे. त्याच चर्चमध्ये, वेदीकडील भागात, ब्लूमफील्ड यांना पुरलेले आहे.